लॅबमधल्या मॅडम, तुमचे आभार मानायचे राहिलेच होते

मॅडम, सर्जनचे आभार आम्ही मानले, सिस्टरांचे मानले, पण मायक्रोस्कोपखाली अप्पांच्या गाठीचा तुकडा बघणारं माणूस घरच्यांना दिसतच नाही ओ, म्हणून हे पत्र खास तुम्हाला.

अप्पांच्या कानाखाली गाठ आली तेव्हा घरात कोण गालफुगी म्हणालं, कोण दाढ. गाठ पॅरोटिडमध्ये होती; पॅरोटिड म्हणजे कानाखालची, लाळेची सगळ्यात मोठी ग्रंथी, आणि तिथल्या बहुतेक गाठी साध्याच निघतात, त्यामुळं बायोप्सीला पण आम्ही निवांत होतो. तुम्हाला मात्र पेशींमध्ये काळपट तपकिरी रंग दिसला, तुम्ही एस-१००, एचएमबी-४५, मेलन-ए या रंगपेशी ओळखायच्या टेस्ट लावल्या आणि मेलानोमा, म्हणजे रंग तयार करणाऱ्या पेशींचा कॅन्सर, निघाला. लाळेच्या ग्रंथीत! आम्ही तर हे नावही ऐकलं नव्हतं.

रिपोर्ट हातात देऊन तुम्ही मोकळ्या झाल्या असतात तरी कुणी काही म्हणालं नसतं. पण तुम्ही मला खुर्चीत बसवलंत आणि सांगितलंत की इथला मेलानोमा बहुतेक वेळा डोक्याच्या नाहीतर चेहऱ्याच्या कातडीवरून आलेला असतो, ग्रंथीतच सुरू झालेला अगदी क्वचित, म्हणून आधी मूळ शोधायचं. केस बाजूला करून टाळू, कानामागं, डोळ्याच्या आत, नाक, तोंड, नखं, तळपाय सगळं तपासायला लावलंत. जुना एखादा तीळ काढलाय का, आपोआप गेलाय का, हे पण विचारलंत, आणि अप्पांच्या न्हाव्याला सुद्धा विचारून या म्हणालात, डोकं तोच तर इतकी वर्षं जवळनं बघतोय! शरीरभर कॅन्सर शोधणाऱ्या पेट स्कॅनमध्येही दुसरीकडं काही सापडलं नाही तेव्हाच तुम्ही ग्रंथीतलाच धरायला तयार झालात.

ऑपरेशन झालं, मानेतल्या गाठी पण काढल्या. चेहऱ्याची नस त्या ग्रंथीतूनच जाते, ती सर्जननी वाचवली. सुरुवातीला डोळा नीट मिटत नव्हता, ड्रॉप्स घालत होतो, आता मिटतोय. रेडिएशन संपलं, इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारी औषधं, चालू आहे. हा आजार चिवट आहे, परत येऊ शकतो, हे तुम्ही लपवलं नाहीत, त्याचेही आभार, कारण त्यामुळं आम्ही एकही चेकअप चुकवत नाही.

अप्पांना तुम्हाला भेटायचंय. तुमची ओपीडी नसते ते माहितीय, लॅबच्या दारात पाच मिनिटं दिलीत तरी चालेल. सोबत शेंगाचटणी आणणार आहेत, नको म्हणू नका.