७२० अश्वशक्तीच्या दोन गाड्या आणि एक तिसरी

तीर्थरूप काकांना साष्टांग नमस्कार.

तुमचे पत्र मिळाले. तिन्ही गाड्या शून्यापासून शंभराचा वेग तीन-साडेतीन सेकंदांत गाठत असतील, तर चालवणाऱ्याला त्यांच्यात फरक तो काय जाणवणार, असे तुम्ही विचारले आहे. प्रश्न सरळ आहे, पण त्याचे उत्तर सरळ रस्त्यावर मिळत नाही. आमच्या खात्यात सस्पेन्शनच्या कामासाठी इतर कंपन्यांच्या गाड्या आणून बंदिस्त चाचणी मार्गावर चालवून पाहतात, आणि त्या निमित्ताने पोर्शे ९११ जीटी३ (२०२१ची), फेरारी एफ८ ट्रिब्युटो आणि मॅकलारेन ७२०एस या तिन्ही गाड्या मला एकाच मार्गावर चालवायला मिळाल्या. सुरुवात मात्र कागदावरच्या आकड्यांपासूनच करतो, कारण खरी गंमत तिथेच आहे.

फेरारी आणि मॅकलारेन या दोन्ही गाड्यांना सुमारे चार लिटरचे, दोन टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारे पंखे) लावलेले व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरांचे इंजिन आहे. दोन्हींची शक्ती ७२० अश्वशक्ती आणि दोन्हींचा कमाल टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ७७० न्यूटन-मीटर. पोर्शेच्या चार लिटरच्या सहा सिलिंडरी इंजिनाला टर्बो नाही, त्यामुळे ते ५१० अश्वशक्ती आणि ४७० न्यूटन-मीटरवर थांबते. पण फिरते मात्र मिनिटाला ९,००० फेऱ्यांपर्यंत. वजनाने तिन्ही गाड्या जवळजवळ सारख्या, म्हणजे १४२० ते १४३५ किलोच्या, आणि त्यातला सुमारे साठ टक्के भार मागच्या चाकांवर असतो, हेही तिघींत समान. इतके साम्य असूनही पहिल्याच वळणावर तिन्ही गाड्या वेगवेगळ्या वागतात.

याचे पहिले कारण असे की वजन किती आहे यापेक्षा ते कुठे आहे याला वळणात जास्त महत्त्व येते. फेरारी आणि मॅकलारेनचे इंजिन चालकाच्या पाठीमागे, पण मागच्या आसाच्या पुढे असते, तर १९६३ साली पहिल्यांदा लोकांसमोर आलेल्या ९११ची परंपरा इंजिन मागच्या आसाच्याही मागे ठेवण्याची आहे. जड वस्तू गाडीच्या मध्याजवळ असली की गाडी स्वतःभोवती चटकन वळते आणि चटकन स्थिरावते. तीच वस्तू टोकाला असली की वळायला सुरुवात उशिरा होते आणि एकदा सुरू झालेले वळणे थांबवायलाही वेळ लागतो. म्हणून पोर्शेमध्ये वळणात शिरताना ब्रेक एकदम सोडून चालत नाही. पाय हळूहळू उचलत, पुढच्या चाकांवर भार टिकवून ठेवत आत शिरावे लागते, नाहीतर हलके झालेले नाक बाहेरच्या कडेकडे सरकू लागते. ही शिस्त पाळली की वळणाच्या शेवटी तिचे फळ मिळते, कारण इंजिनाचा सगळा भार मागच्या टायरांवर असल्याने अ‍ॅक्सिलरेटर इतर दोन गाड्यांपेक्षा लवकर आणि निर्धास्तपणे दाबता येतो. २०२१च्या जीटी३मध्ये पोर्शेने रस्त्यावरच्या ९११ला प्रथमच पुढे डबल विशबोन (प्रत्येक चाक वर-खाली अशा दोन दांड्यांनी धरणारे) सस्पेन्शन दिले, आणि नाक सरकण्याची ती जुनी तक्रार त्यामुळे बरीच कमी झाली आहे. संपली आहे असे मात्र मी म्हणणार नाही.

फेरारीचा स्वभाव नेमका उलटा आहे. तिचे स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जेमतेम दोन फेऱ्यांत फिरते, त्यामुळे मनगट हलले की नाक हलते, आणि पहिल्या काही वळणांत हात गरजेपेक्षा जास्त फिरवून गाडी चालकालाच चकवते. हात शांत ठेवायला शिकल्यावर मात्र ही गाडी चालकाला फार उदारपणे वागवते. मागच्या दोन चाकांत टॉर्क वाटणारा इलेक्ट्रॉनिक डिफरन्शियल आणि गाडीची घसरण मोजून तिला हद्दीत ठेवणारी प्रणाली मिळून असे काम करतात, की मागचा भाग थोडा सुटला तरी तो आपणच कौशल्याने सावरला असे चालकाला वाटते. हा गोड गैरसमज फेरारीने मोठ्या कष्टाने घडवलेला आहे! इंजिनाच्या बाबतीतही तोच विचार दिसतो. टर्बो इंजिन कमी फेऱ्यांवर एकदम सगळा जोर देऊन मोकळे होते, म्हणून खालच्या गिअरमध्ये टॉर्क मुद्दाम रोखून धरला आहे, जेणेकरून फेऱ्या वाढतील तसा जोर वाढत जावा आणि टर्बो नसलेल्या जुन्या इंजिनांसारखा भास व्हावा. मॅकलारेनने असा काही प्रयत्न केलेला नाही. तिथे फेऱ्या कमी असताना क्षणभर थांबावे लागते आणि मग जे येते ते एकदम येते. आवाजातही ती तिघींत सर्वांत नीरस आहे.

तरीही मॅकलारेनबद्दल मला अधिक लिहायचे आहे, आणि त्याचे कारण तिचे स्टिअरिंग. बहुतेक कंपन्यांनी विजेच्या मोटरचे साहाय्य थेट स्टिअरिंगला जोडले. जीटी३मध्येही तेच आहे आणि ते उत्तम आहे. मॅकलारेनने मात्र तेलाच्या दाबावर चालणारे स्टिअरिंग सोडले नाही, फक्त त्याचा पंप विजेवर चालवला. टायर वळणात काम करत असतो तेव्हा तो स्वतःला पुन्हा सरळ करू पाहतो, आणि हाताला जो जोर जाणवतो तो मुख्यतः त्या ओढीचा असतो. पकड सुटायच्या जरा आधीच ही ओढ कमी होऊ लागते, म्हणजे टायर अजून पकडून असतानाच स्टिअरिंग किंचित हलके पडते. चालकाला मिळणारी ही सर्वांत मोलाची सूचना आहे. मॅकलारेनमध्ये ती स्वच्छ हातात येते, पोर्शेमध्ये थोडी गाळून येते, आणि फेरारीमध्ये स्टिअरिंग इतके चपळ व हलके आहे की ती ओळखायला कान टवकारून बसावे लागते. त्यात मॅकलारेनला अँटी-रोल बार, म्हणजे वळणात गाडी कलू नये म्हणून लावतात त्या दांड्या, नाहीत. चाकांचे हादरे जिरवणारे चारही डॅम्पर तेलाच्या नळ्यांनी एकमेकांशी जोडून गाडीचे कलणे आवरले आहे, म्हणून खडबडीत रस्त्यावर ती अनपेक्षितपणे मऊ चालते आणि वळणात तरीही सपाट राहते. ब्रेकचे पेडल मात्र दगडासारखे आहे. ते दाबायला पायाचा खरा जोर लागतो आणि सवय होईपर्यंत गाडी थांबेल की नाही अशी शंका येत राहते.

मासिकांत फेरीच्या वेळांचे तक्ते छापून येतात, ते वाचताना आधी टायर कोणते होते ते पाहावे. शर्यतीसाठीच्या मऊ टायरांवर धावलेली एक गाडी आणि रस्त्याच्या नेहमीच्या टायरांवर धावलेली दुसरी यांच्या वेळांची तुलना करून गाड्यांबद्दल काहीच कळत नाही. माझ्या मते अशा निम्म्या वादांचा निकाल तेवढ्यावरच लागेल.

माझी निवड विचाराल तर मॅकलारेन. आमच्या खात्यातले बहुतेक जण जीटी३चे नाव घेतात, आणि त्यांचे म्हणणे समजण्यासारखे आहे, कारण ९,००० फेऱ्यांपर्यंत चढत जाणारे तसे इंजिन बाकीच्या दोन गाड्यांत नाही आणि गिअर हाताने बदलण्याची सोयही तिघींत फक्त तिच्यातच आहे. पण इंजिनाचा आनंद सरळ रस्त्यावरही घेता येतो, आणि मला गाडी वळणात काय सांगते ते महत्त्वाचे वाटते. पुढच्या पत्रात तुमचा याला काय आक्षेप आहे ते जरूर लिहा.

काकूंना नमस्कार आणि लहानांना आशीर्वाद.

आपला पुतण्या