तिसरी ‘ब’च्या बाईंना, खिरापतीबद्दल थँक्यू

बाई, नमस्कार. हे पालकसभेतच बोलायचं होतं पण तिथे तुमच्याभोवती पालकांची एवढी गर्दी असते आणि मला मेलीला बोलायला लागलं की रडू येतं, त्यामुळे लिहूनच टाकते. सगळ्यांनी वाचलं तरी चालेल, उलट वाचावंच.

आमची ठमी दुसरीत होती तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत तिला टाइप वन डायबेटिस निघाला. दिवसरात्र पाणी पाणी करायची, सारखं सू सू, वजन उतरलं, आम्हाला वाटलं वाढीचं वय आहे. नंतर नातेवाइकांनी ऐकवलं की लाडाने गोड खाऊ घातलंत म्हणून झालं. अहो तसं नसतं हो, तिच्या अंगात इन्सुलिन बनायचंच बंद झालंय, ते बाहेरून टोचावं लागतं, गोडाने हा आजार होत नाही. घरी ती पुरणपोळीसुद्धा खाते, आम्ही मोजून देतो आणि त्या हिशोबाने इंजेक्शन घेतो. घोळ होतो तो अचानक, न मोजता, अकरा वाजता हातात पडलेल्या चॉकलेटचा.

आणि शाळेत तेच असतं ना! रंगीत ड्रेस घातलेलं पोर दारात दिसलं की वर्गाला कळतं आज दोन-दोन इक्लेअर्स. पाढे पाठ केले, घ्या गोळी. अक्षर छान आलं, घ्या गोळी. आधीच्या शाळेत तिला वाटपाच्या वेळी बाहेर पाणी प्यायला पाठवायचे, त्यांच्या मते ते चांगल्यासाठीच. मग मी सांगितल्यावर तिला एकटीला चुरमुऱ्यांची पुडी मिळायला लागली आणि ते तर आणखी वाईट, कारण आता सगळा वर्ग पुडीकडे बघायचा. एकदा तिच्या कंपासपेटीत वितळून कर्कटकाला चिकटलेली सात चॉकलेटं सापडली. खाल्ली नव्हती एकही. नको म्हणायची लाज वाटायची म्हणून घेऊन ठेवायची.

तुमच्याकडे ॲडमिशनच्या वेळी मी फाइलच घेऊन आले होते, तुम्ही ती नीट वाचलीत आणि एवढंच म्हणालात, “बघते काय करता येतं.” खरं सांगू, मला वाटलं झालं, आता परत चुरमुरे.

पण तुम्ही ठमीसाठी वेगळं काहीच केलं नाहीत, सगळ्या वर्गाचंच बदललंत आणि तिचं नावही घेतलं नाहीत. ज्याचा वाढदिवस तो फळ्यावर सुविचार लिहिणार, तुमच्या खुर्चीत बसून हजेरी घेणार आणि मधल्या सुट्टीची घंटा शिपाईमामांबरोबर जाऊन तोच देणार. पाढे पाठ झाले तर पाच मिनिटं आधी मैदानावर. ग्रुपवर कुरकुर झाली, मी वाचलीये, “एका चॉकलेटने काय होतंय”, “आमच्या वेळी असं नव्हतं”. मग लोकांनी चॉकलेटऐवजी पेन्सिली सुरू केल्या, पेन्सिलीचं पाऊच झालं, पाऊचचं बॉटल झालं, प्रत्येकाचं दुसऱ्याहून मोठं! तेही तुम्ही एका दिवसात बंद केलंत, म्हणालात द्यायचंच असेल तर वर्गाच्या पेटीत एक गोष्टीचं पुस्तक टाका. हे मला स्वतःला सुचलं नसतं.

मध्ये 2025 च्या मे महिन्यात सीबीएसईने शाळांना शुगर बोर्ड लावायला सांगितले, कशात किती साखर ते लिहिलेले. चांगलंच आहे. पण तिसरीतली पोरं बोर्ड वाचून हात मागे घेत नाहीत हो, वाटप सुरू झालं की हात पुढे येतातच. ते वाटपच थांबवायला कोणीतरी बाई लागतात.

एकदा तिची शुगर 70 च्या खाली, म्हणजे नको इतकी कमी, गेली आणि तिने वर्गातच ग्लुकोजची पावडर खाल्ली, तीन चमचे, तर पोरं ओरडली, “बाई, ही गोड खातेय!” तुम्ही शांतपणे सांगितलंत की ते तिचं औषध आहे, जसं तुझा चष्मा, आणि पुढचं गणित घातलंत. ठमीने घरी येऊन हे तीनदा सांगितलं. 14 नोव्हेंबरला बालदिन असतो तसाच जागतिक मधुमेह दिनही असतो, इन्सुलिन शोधणाऱ्या बँटिंगचा जन्मदिवस, हे मला आजार आल्यावर कळलं. त्या दिवशी केक न आणता तुम्ही साडी खोचून पोरांबरोबर लंगडी खेळलात, आऊटही झालात म्हणे पहिल्याच डावात.

पण माझी खरी धाकधूक भोंडल्याची होती. खिरापतीशिवाय कसला भोंडला? मी त्या दिवशी गेटबाहेरच थांबले होते. पाटावरच्या हत्तीभोवती फेर झाले, गाणी झाली आणि तुम्ही झाकण लावलेला स्टीलचा डबा कानाशी धरून वाजवलात. पोरं ओरडतायत चिवडा, शेंगदाणे, फुटाणे, बत्तासे, आणि ठमी सगळ्यात मोठ्याने ओरडतेय, कारण या वेळी ओळखून उपयोग होता. झाकण उघडलं तर आत सागरगोटे! प्रत्येकाला एक. नंतर महिनाभर तिसरी ‘ब’ची मुलं-मुली मधल्या सुट्टीत व्हरांड्यात बसून सागरगोटे खेळत होती, शिपाईमामांनी पण दोन डाव टाकले.

तिचा तो सागरगोटा अजून इन्सुलिनच्या पाऊचमध्ये असतो, टोचायचं पेन आणि शुगर तपासायच्या स्ट्रिपच्या डबीशेजारी. परवा चेकअपला डॉक्टरांनी पाऊच उघडला आणि विचारलं हे काय गं, तर म्हणाली, “खिरापत.”