मेलचे पान उघडत नाही तेव्हा : आई-बाबांना पत्र

तीर्थरूप आई व बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

संगणकावर मेल उघडत नाही, हे बाबांनी फोनवर सांगितले तेव्हा त्यांच्या आवाजातली काळजी मला कळली. फोनवर समजावताना मी एक सांगत होते आणि तोवर पडद्यावर भलतेच काही येत होते. म्हणून काय पाहायचे, कोणत्या क्रमाने पाहायचे आणि का, हे सारे लिहून टपालाने पाठवते आहे. हा कागद संगणकाशेजारी ठेवावा.

सर्वांत आधी मनावरचे ओझे उतरवा. बाबा, तुमची एकही मेल हरवलेली नाही. मेल आपल्या संगणकात साठवलेल्या नसतात; त्या जीमेलच्या सर्व्हरवर, म्हणजे दूरच्या मोठ्या संगणकांवर असतात आणि ब्राउझर, म्हणजे पाने उघडायचा आपला क्रोम हा प्रोग्रॅम, त्या तिथून मागवून आपल्याला दाखवतो. पत्रे पोस्टात शाबूत आहेत, फक्त आपल्या दाराची कडी अडकली आहे, असे समजा. त्यामुळे घाईने काही पुसण्याची, नवे खाते उघडण्याची किंवा पासवर्ड बदलण्याची मुळीच गरज नाही. फोनवर तीच मेल व्यवस्थित उघडते असे आईने सांगितले, त्यावरून खाते ठीक आहे हे तर सिद्धच झाले. एखाद्या संध्याकाळी फोनवरही मेल उघडली नाही, तर मात्र दोष जीमेल चालवणाऱ्या गूगलच्या बाजूला असू शकतो. 14 डिसेंबर 2020 रोजी आपल्याकडे संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास गूगलच्या बहुतेक सेवा जगभर पाऊण तास बंद पडल्या होत्या. पडद्यावर ‘टेम्पररी एरर’ असे शब्द आणि पाचाने सुरू होणारा तीन आकडी क्रमांक दिसला, तर तोही बहुधा याच प्रकारचा अडथळा असतो. अशा वेळी संगणकाला हात न लावता थोडे थांबणे, हाच उपाय असतो.

आता आईसाठी एक काम. तू प्रत्येक हिशेब वहीत टिपून ठेवतेस, तशीच पडद्यावर जे शब्द दिसतील ते जसेच्या तसे, इंग्रजी असले तरी अक्षर न अक्षर, लिहून ठेव. “उघडत नाही” या दोन शब्दांमागे अनेक वेगवेगळ्या अडचणी असतात आणि त्यांतली नेमकी कोणती, हे त्या ओळीवरूनच कळते. ‘टाइम्ड आउट’ असे असेल तर आपली मागणी सर्व्हरपर्यंत गेली नाही किंवा उत्तर परत आले नाही, म्हणजे इंटरनेटच्या जोडणीकडे पाहायचे. ‘डीएनएस’ ही अक्षरे असतील तर पत्त्याच्या नावावरून सर्व्हरचा क्रमांक शोधण्याचे काम अडले आहे. त्यातही आधी टाइप केलेल्या पत्त्याचे स्पेलिंग तपासायचे. ‘सर्टिफिकेट’ किंवा ‘कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट’ असे असेल तर पहिली शंका संगणकाच्या घड्याळाची. आणि काहीही न लिहिता नुसते पांढरे पान किंवा अर्ध्यावर थांबलेली पट्टी दिसत असेल, तर दोष बहुतेक ब्राउझरमध्येच असतो. बाबांनी केलेल्या वर्णनावरून आपला प्रकार हा शेवटचा वाटतो, पण खात्री करून घेऊ.

पहिली खात्री घड्याळाची, कारण तिला क्षणभरच लागतो. पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातली तारीख पाहा आणि विशेषतः वर्ष पाहा. जुन्या संगणकात मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य पाटीवर, एक नाण्याएवढी बॅटरी असते. ती संपली की वीज जाऊन आल्यावर तारीख कित्येक वर्षे मागे जाते. सुरक्षित संकेतस्थळाची ओळख पटवणारे प्रमाणपत्र ठराविक मुदतीचे असते, आणि संगणकाला आज कोणते वर्ष आहे हेच चुकीचे ठाऊक असेल तर ते खरे प्रमाणपत्रही नाकारले जाते. तारीख चुकलेली आढळली तर ती दुरुस्त करा. ती पुन्हापुन्हा मागे जात असेल तर बॅटरी बदलून घ्या, ती अगदी स्वस्त असते. मात्र तसे असते तर बँकेचे पानही उघडले नसते. तुमच्या वर्तमानपत्राचे पान आणि बँकेचे पान दोन्ही उघडतात, म्हणून घड्याळावर माझा फारसा संशय नाही.

दुसरी खात्री इंटरनेटची, आणि इथे एक गोष्ट सहज निसटते. आईच्या फोनवर मेल उघडली तेव्हा फोन घरच्या वायफायवर होता की मोबाइल डेटावर, हे आपण पाहिलेले नाही. डेटावर असेल तर त्या प्रयोगाने घरच्या जोडणीबद्दल काहीच कळत नाही. म्हणून फोनचा मोबाइल डेटा बंद करा, फक्त वायफाय चालू ठेवा आणि मग मेल उघडून नव्या मेल खाली येतात का ते पाहा. जुन्या मेल फोनमध्ये साठलेल्या असतात, त्या दिसल्या म्हणून फसू नका. नव्या मेल आल्या तर जोडणी निर्दोष आहे. आल्या नाहीत तर राउटरचे बटण बंद करून एक मिनिटभर थांबा, पुन्हा चालू करा आणि सगळे दिवे स्थिर होईपर्यंत वाट पाहा. राउटरच्या मागच्या बाजूला टाचणीने दाबायचे जे बारीक छिद्र असते, त्याला मात्र हात लावू नका. त्याने सगळी मांडणी पुसली जाते.

आता ब्राउझर, आणि माझ्या मते खरी गाठ इथेच आहे. मेलचे पान उघडून कंट्रोल आणि शिफ्ट या कळा दाबून धरा आणि आर दाबा. ब्राउझर एरवी वेळ वाचवण्यासाठी पानाचे काही भाग आपल्याकडे साठवून ठेवतो आणि तेच पुन्हा वापरतो. या तीन कळांमुळे तो जुना साठा बाजूला ठेवून सगळे नव्याने मागवतो. तेवढ्याने पान उघडले तर उत्तम. नाही उघडले तर कंट्रोल, शिफ्ट आणि एन दाबून इन्कॉग्निटो खिडकी उघडा. ती काळसर रंगाची असते. तिथे वरच्या पट्टीत ‘मेल डॉट गूगल डॉट कॉम’ हा पत्ता इंग्रजी अक्षरांत स्वतः टाइप करा. शोधून आलेल्या दुव्यांवर क्लिक करू नका, कारण हुबेहूब दिसणारी खोटी पाने असतात आणि पत्त्याशेजारचे कुलपाचे चिन्ह त्यांनाही असू शकते. पासवर्ड द्यावा लागेल आणि कदाचित बाबांच्या फोनवर एक क्रमांकही येईल, म्हणून फोन जवळ असू द्या.

हा इन्कॉग्निटोचा प्रयोग मला सर्वांत मोलाचा वाटतो. त्या खिडकीत जुन्या कुकी, म्हणजे संकेतस्थळांनी ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदी, नसतात आणि ब्राउझरला जोडलेली एक्स्टेन्शन्स, म्हणजे छोटे जोड-प्रोग्रॅम, आपण मुद्दाम परवानगी दिली नसेल तर तिथे चालत नाहीत. तिथे मेल उघडली, तर इंटरनेट ठीक, संगणक ठीक, ब्राउझरही ठीक. बिघडलेली वस्तू एक तर साठवलेल्या माहितीत आहे किंवा एखाद्या एक्स्टेन्शनमध्ये आहे. एवढ्या एका कृतीने शोधाचे क्षेत्र निम्म्याहून कमी होते.

तसे झाले तर नेहमीच्या खिडकीत परत या. उजवीकडे वर उभी तीन टिंबे आहेत, त्यांत ‘मोअर टूल्स’ आणि त्यात ‘एक्स्टेन्शन्स’. तिथे ज्या चौकटी दिसतील त्यांतली बटणे एकेक करून बंद करा आणि प्रत्येक वेळी मेलचे पान पुन्हा उघडून पाहा. एकदम सगळी बंद केली तर अडथळा दूर होईल, पण दोषी कोण हे कळणार नाही आणि तोच प्रश्न पुन्हा उभा राहील. काहीतरी डाउनलोड करताना नकळत आलेले एखादे एक्स्टेन्शन सापडले, तर ते बंद करून न थांबता काढूनच टाका.

एक्स्टेन्शन निर्दोष निघाले तर कुकींकडे वळा. मेलच्या पत्त्याच्या डावीकडे कुलूप आहे, त्यावर क्लिक केल्यावर ‘कुकीज’ हा शब्द असलेली ओळ दिसेल; तीतून फक्त या संकेतस्थळाची साठवण काढता येते. “सगळे क्लिअर करून टाका” असा सल्ला पुष्कळ जण देतात. मला तो पटत नाही, कारण त्याने प्रत्येक ठिकाणाहून बाहेर पडायला होते आणि मग सगळे पासवर्ड आठवत बसावे लागतात. अगदीच तशी वेळ आली तर कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट दाबून येणाऱ्या चौकटीत ‘पासवर्ड्स’ या ओळीपुढे खूण नाही याची खात्री करूनच पुढे जा.

इन्कॉग्निटोमध्येही पान अडकलेच, तर मला ज्याची सर्वांत जास्त शंका आहे तेच कारण निघेल. बाबा, पूर्वी मेल उघडायला वेळ लागला की खाली उजव्या कोपऱ्यात ‘बेसिक एचटीएमएल’ असा एक छोटा दुवा यायचा आणि तुम्ही त्यावर क्लिक करून साध्या स्वरूपातली मेल वाचायचा, हे मला चांगले आठवते. ती साधी पाने जीमेलने 2024 च्या सुरुवातीला बंद केली. आता मेलचे पान म्हणजे नुसता मजकूर नसून ब्राउझरच्या आत चालणारा एक मोठा प्रोग्रॅम आहे, आणि तो चालवायला ब्राउझर बऱ्यापैकी नवा आणि संगणकाची मेमरी पुरेशी लागते. आपल्या संगणकावर विंडोज 7 आहे. मायक्रोसॉफ्टने तिची सुरक्षेची दुरुस्ती 14 जानेवारी 2020 रोजी थांबवली, आणि त्या विंडोजवर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती 109 आहे. फेब्रुवारी 2023 मध्ये आलेली 110 तिथे बसत नाही. तीन टिंबांतल्या ‘हेल्प’मध्ये ‘अबाउट गूगल क्रोम’ उघडले की हा क्रमांक दिसतो; तो आईने वहीत लिहून ठेवावा. तुमच्या हातून काही चुकले म्हणून हे झालेले नाही. तुम्ही संगणक नीट जपलात, म्हणून तो इतकी वर्षे चालला. बाहेरची पानेच पुढे गेली आहेत.

तात्पुरता मार्ग म्हणून फायरफॉक्स वापरून पाहता येईल. त्याची 115 ही विस्तारित मुदतीची आवृत्ती विंडोज 7 वर चालते. ती मोझिलाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्यायची, ते मी फोनवर बरोबर राहून करून देईन. पण हा मार्ग मेल वाचण्यापुरता. ज्या संगणकाला सुरक्षेची दुरुस्ती मिळत नाही, त्यावर बँकेचे व्यवहार करू नयेत असे माझे ठाम मत आहे. ते तूर्त फोनवरूनच करा. कोपऱ्यावरचे दुकानदार विंडोज 10 टाकून देतो म्हणाले, त्यांचा हेतू चांगला असेल, परंतु तिचाही नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आहे आणि या जुन्या यंत्रावर ती आणखीच मंद चालेल. त्यात पैसे घालू नका. संगणक बदलायचाच झाला तर नवा घेऊ, आणि तो खर्च माझा.

आई, तुला वाटले होते की फोटो फार झाले म्हणून मेल बंद पडली असेल. तसे नाही. गूगलची मोफत जागा 15 जीबी असते आणि मेल, ड्राइव्ह व फोटो तिघांत ती वाटली जाते हे खरे. पण ती भरली तर नव्या मेल यायच्या व जायच्या थांबतात, पान उघडायचे थांबत नाही. तुझ्या नातीच्या फोटोंना कोणी हात लावू नये.

एका गोष्टीसाठी मात्र मी हात जोडून विनंती करते. मेल उघडत नाही म्हणून ‘जीमेल कस्टमर केअर’ असे शोधून जो क्रमांक मिळेल त्यावर फोन करू नका. मोफत जीमेलसाठी अशी फोनवरची मदत गूगल देत नाही. ते क्रमांक भामट्यांनी पेरलेले असतात. ते फार सौजन्याने बोलतात, पडदा दूरवरून पाहता येईल असे एखादे अ‍ॅप घ्यायला सांगतात आणि मग ओटीपी विचारतात. आपण होऊन कोणाचा फोन आला आणि “तुमची मेल बंद होणार आहे” असे म्हटले, तरी तेच. संशय आला तर फोन ठेवून द्या आणि मला कोणत्याही वेळी फोन करा, मी कामात असले तरी उचलेन. आणि चुकून काही सांगितले गेलेच, तर संकोच न करता ताबडतोब 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवा व बँकेला खाते रोखायला सांगा. तिथे लवकर कळवण्याला फार महत्त्व आहे.

येत्या रविवारी सकाळी चहा झाल्यावर मी फोन करते. आईचा फोन स्पीकरवर ठेवून वहीत लिहिलेल्या ओळी मला वाचून दाखवा, बाबा संगणकासमोर बसतील, आणि इन्कॉग्निटोपासून पुढचे सगळे आपण मिळून करू. तोवर निवृत्तिवेतनाची या महिन्याची पावती फोनवरच्या जीमेलमध्ये उघडून डाउनलोड करून ठेवा. ती लॅबच्या अहवालांच्या खालीच असेल.

कळावे.

आपली,
धाकटी