वाचायला कमी, बघायला जास्त

प्रिय आई-बाबा,

साष्टांग नमस्कार.

दुपारी बसून बघण्याजोगे सिनेमे तुम्ही मागितलेत, म्हणून हे पत्र. नुसती नावं कळवली असती तर पहिल्या अर्ध्या तासातच ‘फार संथ आहे’ म्हणून टीव्ही बंद झाला असता, आणि त्यात तुमची चूक नसती. परभाषेतला सिनेमा संथ वाटतो, कारण खालच्या ओळी वाचण्याच्या धांदलीत वरचं चित्र निसटतं. म्हणून मी क्रम लावला आहे तो वाचनाच्या ओझ्याप्रमाणे. जिथे वाचायला जवळपास काहीच नाही तो सिनेमा आधी, मग हळूहळू पुढे. क्रम शक्यतो मोडू नका.

पण आधी टीव्हीची एक खोड मोडायची आहे. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो. हल्लीचे टीव्ही हालचाल गुळगुळीत दिसावी म्हणून मधली चित्रं स्वतःच बनवून घुसडतात. त्यामुळे जुना सिनेमा कालच्या मालिकेसारखा दिसतो आणि हलत्या हाताच्या कडा फाटतात. सेटिंगमध्ये ‘पिक्चर’मध्ये जा आणि ‘मूव्ही’, ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ यांपैकी जो मोड असेल तो लावा. तरीही हालचाल विचित्र वाटली तर ‘मोशन’ नावाचं जे काही सापडेल ते बंद करा. चित्र आधी पिवळट आणि मंद दिसेल. लगेच परत फिरवू नका, दहा-पंधरा मिनिटांत डोळा रुळतो. आणि जुन्या सिनेमांची चौकट चारास तीन अशी असते, तेव्हा दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहणारच. बाबा, ते भरून काढायला ‘वाइड’ किंवा ‘झूम’ लावू नका. वाइडमध्ये माणसं फुगतात, झूममध्ये डोकी आणि पाय कापले जातात.

पहिला ‘सिटी लाइट्स’, चार्ली चॅप्लिनचा, १९३१ चा, ८७ मिनिटांचा. तोवर बोलपट आले होते, तरी चॅप्लिनने हा मूकच ठेवला आणि संगीत स्वतः रचलं. मधूनमधून पाट्या येतात, त्या एका दमात वाचून होतात. आई, यातला फुलवालीचा पहिला प्रसंग नीट बघ. चॅप्लिनपुढे अडचण अशी होती की आंधळ्या मुलीला हा फाटका माणूस श्रीमंत वाटायला हवा, आणि हातात आवाज तर नाही. मग तो काय करतो? रस्त्यावर गाड्या तुंबल्या आहेत. पोलिसाला चुकवायला हा एका उभ्या गाडीत एका दाराने शिरतो आणि दुसऱ्या दाराने फुटपाथवर उतरतो. तिला ऐकू येतं ते फक्त दार. थोड्या वेळाने गाडीचा खरा मालक येऊन बसतो, पुन्हा दार लागतं, गाडी निघून जाते, आणि सुटे पैसे न घेताच साहेब गेले असं तिला वाटतं. हा मात्र तिथेच श्वास रोखून उभा. दोन वेळा लागलेलं दार, आपल्याला त्याचा आवाजसुद्धा ऐकवलेला नाही, आणि पुढची अख्खी गोष्ट त्यावर उभी राहते. हा प्रसंग मनासारखा होईपर्यंत त्याने तो शेकडो वेळा चित्रित केला. शेवटची पाच मिनिटं जागेवरून उठू नका, आणि तिथे चेहऱ्यांबरोबर हातांकडेही लक्ष ठेवा.

दुसरा ‘द स्ट्रेट स्टोरी’, डेव्हिड लिंचचा, १९९९ चा, ११२ मिनिटं. इंग्रजी आहे, पण माणसं सावकाश आणि थांबून बोलतात. गोष्ट खरी आहे. १९९४ मध्ये अल्विन स्ट्रेट नावाचे ७३ वर्षांचे गृहस्थ आजारी भावाला भेटायला, गवत कापायच्या यंत्रावर बसून आणि मागे छोटी गाडी जोडून, अमेरिकेतल्या आयोवातून विस्कॉन्सिनला गेले. अंतर सुमारे ३९० किलोमीटर. नजर अधू म्हणून मोटारीचा परवाना नाही, कंबर गेलेली, हातात दोन काठ्या, आणि भावाशी दहा वर्षं अबोला. चित्रीकरण त्याच रस्त्याने आणि प्रवासाच्याच क्रमाने केलेलं आहे. एका ठिकाणी कॅमेरा अल्विनवरून वर आकाशाकडे जातो, तिथे रेंगाळतो आणि सावकाश खाली येतो, तर यंत्र जेमतेम काही हात पुढे सरकलेलं असतं. त्याचा वेग किती, ते याहून चांगलं कुणी दाखवू शकलं नसतं. मुख्य भूमिकेतल्या रिचर्ड फार्न्सवर्थ यांना ७९ व्या वर्षी ऑस्करचं नामांकन मिळालं. चित्रीकरणाच्या वेळी ते कर्करोगाने आजारी होते, चालण्यातला त्रास बराचसा खरा आहे.

या एका सिनेमाला आवाजाची काळजी घ्या. नव्या सिनेमांत संवाद मधल्या स्पीकरसाठी वेगळे ठेवलेले असतात. टीव्हीला तो स्पीकर नसतो, मग संगीत दणदणीत आणि बोलणं पुटपुटल्यासारखं होतं. ऑडिओमध्ये ‘५.१’ ऐवजी ‘स्टिरिओ’ निवडा, आणि संवाद उठावदार करणारा ‘क्लिअर व्हॉइस’सारखा पर्याय असेल तर तोही लावा. जुन्या कृष्णधवल सिनेमांत ही भानगड नाही, त्यांचा आवाज एकाच पट्टीवर असतो. बाबा, तुम्ही हेडफोन लावणार असाल तर आधी बघून घ्या: बऱ्याच टीव्हींत हेडफोन जोडला की स्पीकर बंद होतो आणि आईला काहीच ऐकू येत नाही. दोन्हीकडे आवाज ठेवण्याचा पर्याय ‘साउंड आउटपुट’मध्ये शोधावा लागतो.

आता ओळी वाचायची तयारी. पडद्यावर एका वेळी फार तर दोन ओळी येतात, ओळीला चाळीसेक अक्षरं, आणि त्या सहा-सात सेकंदांपेक्षा जास्त टिकत नाहीत. अक्षरांचा आकार ‘मोठा’ करा आणि मागे काळी पट्टी लावा, कारण पांढरे सदरे आणि बर्फ यांवर पांढरी अक्षरं विरघळतात. चित्रातच छापलेल्या ओळी मात्र बदलता येत नाहीत. ओळ सुटली तर दहा सेकंद मागे जायचं बटण आहे, ते निःसंकोच दाबा. एकाने दुसऱ्याला मोठ्याने वाचून दाखवायचं नाही. वाचणाऱ्याचं चित्र सुटतं आणि ऐकणाऱ्याचा नटाचा आवाज.

चष्म्याचं फार महत्त्वाचं. तुमच्या दोघांच्याही चष्म्याचा खालचा भाग जवळचं वाचायचा आहे. आरामखुर्चीत मागे रेललं की मान मागे जाते, नजर त्या खालच्या भागातून टीव्हीवर पडते आणि अक्षरं धुरकट होतात. मग आपण डोळ्यांना दोष देतो. पाठीला ताठ उशी घ्या, हनुवटी किंचित खाली ठेवा, टीव्हीचा मध्य बसल्यावर डोळ्यांच्या रेषेत येईल असं बघा. नुसत्या लांबच्या नंबरचा साधा चष्मा टीव्हीसाठी वेगळा ठेवला तर सर्वांत उत्तम. खोलीत मिट्ट काळोख नको, टीव्हीच्या मागे एक मंद दिवा असला की डोळे कमी शिणतात.

तिसरा ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’, इराणचा, माजिद मजिदी यांचा, १९९७ चा, ८९ मिनिटं. बहिणीचे बूट भावाकडून हरवतात, घरी सांगायची सोय नाही, म्हणून दोघं एकच जोड वापरतात: सकाळच्या शाळेला ती, दुपारच्या शाळेला तो. वाक्यं छोटी आहेत, ओळी वाचायच्या सरावाला हा सिनेमा नेमका. गल्लीतल्या गटारात बूट वाहत जातो तिथे तुम्ही वाचणं आपोआप विसराल. शेवटची शर्यत बघताना लक्षात ठेवा की त्याला पहिलं यायचं नाहीये.

‘पथेर पांचाली’बद्दल थोडक्यात, कारण नाव तुम्हाला ठाऊक आहेच. सत्यजित राय, १९५५. प्रत कोणती मिळते ते इथे महत्त्वाचं. मूळ निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या आगीत भाजल्या, आणि २०१५ मध्ये दुरुस्त केलेली प्रत आली. तीच बघा. काळपट, खरखरीत प्रत असेल तर हा सिनेमा पुढे ढकला, पण तशी बघू नका. बाप गावाहून परत येतो, मुलीसाठी आणलेली साडी आई हातात घेते, ती कोसळते, आणि तिचं रडणं ऐकू येण्याऐवजी तारशहनाईचा उंच सूर येतो. तिथे आवाज कमी करू नका.

आता ‘टोकियो स्टोरी’. यासुजिरो ओझू, १९५३, १३६ मिनिटं. मला सर्वांत जास्त हाच तुम्हाला दाखवायचा आहे, म्हणून इतकी तयारी करून घेतली. म्हातारे आई-वडील मुलांना भेटायला दूरच्या गावाहून टोकियोला येतात. मुलं वाईट नाहीत, त्यांना वेळ नाही. इतकंच घडतं. कॅमेरा जमिनीवर बसलेल्या माणसाच्या नजरेपेक्षाही खाली ठेवलेला आहे आणि तो जवळजवळ हलतच नाही. बोलणारा माणूस थेट तुमच्याकडे बघून बोलतो. पहिली पंधरा मिनिटं हे अवघडल्यासारखं होईल. नंतर त्या घरात आपणच भिंतीला टेकून बसलोय असं वाटायला लागतं.

सुरुवातीलाच सामान भरण्याचा प्रसंग आहे. हवेची उशी सापडत नाही. वडील म्हणतात, तुझ्याकडे दिली होती. ती म्हणते, माझ्याकडे नाही. आणि थोड्या वेळाने उशी त्यांच्याच सामानात निघते. कुणी कुणाला काही सुनावत नाही. अख्खा संसार त्या दोन मिनिटांत दिसतो. पुढे मुलं त्यांना आतामी या समुद्रकाठच्या ठिकाणी पाठवतात. रात्रभर गोंगाट, झोप नाही. सकाळी दोघं बांधावर बसलेली असतात आणि उठताना आईला क्षणभर चक्कर येते. संगीत वाढत नाही, कॅमेरा जवळ जात नाही, म्हणून वाचनात गुंतलेल्याचा हा क्षण हमखास सुटतो. तो सुटला तर पुढचा अर्धा तास उगाच घडल्यासारखा वाटतो. मध्यंतर घ्यायचंच असेल तर ती दोघं आतामीहून परततात तिथे घ्या. विधवा सून नोरिको झालेल्या सेत्सुको हारा यांचं हसू नीट बघा, ते प्रत्येक वेळी वेगळं आहे. आणि वडिलांचं काम करणारे चिशू ऱ्यू तेव्हा ५० चेही नव्हते, यावर विश्वास बसणार नाही. २०१२ मध्ये ‘साइट अँड साउंड’ मासिकाने जगभरच्या दिग्दर्शकांना कौल विचारला, तेव्हा त्यांनी हा सिनेमा पहिल्या क्रमांकावर ठेवला होता.

यानंतर लगेच दुसरा जपानी सिनेमा नको. मध्ये ‘एक रुका हुआ फैसला’ बघा, बासू चटर्जींचा, १९८६ चा, हिंदी, म्हणजे डोळ्यांना सुट्टी. बारा माणसं, एक खोली, एका मुलाच्या जगण्या-मरण्याचा निर्णय. पंकज कपूर आणि म्हाताऱ्याच्या भूमिकेतले तरुण अन्नू कपूर, दोघांवर नजर ठेवा. मूळ ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’, सिडनी लुमेटचा, १९५७ चा, ९६ मिनिटांचा. गोष्ट आधी कळलेली असली की त्यातलं भराभर इंग्रजी जड जात नाही आणि कॅमेऱ्याकडे बघायला उसंत मिळते. सुरुवातीला तो डोळ्यांच्या वरून बघतो, मग डोळ्यांच्या रेषेत येतो, शेवटी खालून, आणि छत दिसू लागतं. खोली तेवढीच असते, तरी लहान होत गेल्यासारखी वाटते.

‘इकिरू’, अकिरा कुरोसावा, १९५२, १४३ मिनिटं. नगरपालिकेतला एक कारकुनी साहेब, पोटाचा कर्करोग, हातात काही महिने. बाबा, फायली या टेबलावरून त्या टेबलावर फिरतात ती सुरुवात तुम्हाला फार पटेल. साधारण दीड तासाने निवेदक एक गोष्ट सांगतो आणि सिनेमा संपला असं वाटतं. संपलेला नसतो. खरा सिनेमा तिथून पुढे आहे, म्हणून मध्यंतर नेमकं तिथेच घ्या आणि पुढचा भाग त्याच दिवशी बघा. इतका लांब झेपणार नसेल तर याच गोष्टीवरचा २०२२ चा इंग्रजी ‘लिव्हिंग’ आहे, १०२ मिनिटांचा, बिल नायी यांचा. चांगला आहे, पण त्याआधी ‘इकिरू’ला एक संधी द्या.

मराठीतला एकच सुचवते, ‘अस्तु’, सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा. वाचायला काही नाही, तरी शेवटी ठेवला आहे, कारण विषय स्मृती जाण्याचा आहे आणि मोहन आगाशे यांनी तो फार जवळून दाखवला आहे. रात्री बघू नका. अमृता सुभाष यांना यातल्या माहुताच्या बायकोच्या कामासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. स्वतःचं नाव विसरलेल्या परक्या म्हाताऱ्याला ती कशी सांभाळते, ते बघण्यासारखं आहे.

प्रत पूर्ण आहे की कापलेली, हे ओळखायला मी बहुतेकांची मिनिटं लिहिली आहेत. काही प्रती चार टक्के जलद चालतात, त्यामुळे १३६ ची १३० मिनिटं दिसली तर काळजी नको. पण शंभर-एकशेदहा दिसली तर ती प्रत सोडून द्या. रंगवलेले कृष्णधवल सिनेमेही सोडा.

‘टोकियो स्टोरी’ बघाल त्या रात्री मला फोन करू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी करा, आणि आई, तू उशीच्या प्रसंगापासून सुरुवात कर.

तुमची,
लेक