नुसतं चालून भागत नाही
संपादक महोदय, रविवारच्या पुरवणीत साठीनंतर रोज चाला, बाकी व्यायामाची गरज नाही असं सांगणारा लेख वाचला. चालणं चांगलंच, त्याबद्दल वाद नाही, पण बाकीचं नको हे काही पटलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांमध्ये ६५ च्या पुढच्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम तर सांगितलाय, पण सोबत किमान तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणारे व्यायामही सांगितलेत, कारण वयानुसार स्नायू झिजतात, तोल सांभाळता येत नाही आणि बाथरूममध्ये पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं की मग कट्टा, भजनी मंडळ, नातवंडांना शाळेत सोडणं सगळंच सुटतं. यासाठी जिमची फी नको. हात न टेकता खुर्चीवरून उठा-बसा, ओट्याला धरून टाचा उचला (बीपी किंवा गुडघ्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, उगाच हिरोगिरी नको). बागेतल्या ओपन जिमच्या मशिनवर बसून आम्ही म्हातारे राजकारणावर तासभर बोलतो, त्यातली दहा मिनिटं याला देता येतील. हे व्यायाम फोटोसकट छापा, अक्षर मात्र मोठं ठेवा.
– एक ज्येष्ठ वाचक, सातारा