सिस्टर, तुम्ही प्रश्न विचारलेत म्हणून

प्रिय सिस्टर,

सप्रेम नमस्कार.

दिवाळी पहाटेचे कार्यक्रम पार पडले, घरातली पाहुण्यांची वर्दळ संपली, आणि आज जरा स्वस्थपणे तुमचे आभार मानायला बसले आहे. फोनवर ‘थँक्यू’ म्हटलं होतं, पण तेवढ्याने माझं समाधान झालेलं नाही. पत्र जाहीर लिहितेय तेही मुद्दाम. मुंबईत ओठांना फिलर करून घेणाऱ्या, म्हणजे ओठ भरीव दिसावेत म्हणून सुईने त्यांत जेल भरून घेणाऱ्या, बायका आता कमी राहिलेल्या नाहीत, पण नंतर येणाऱ्या सुजेबद्दल मराठीत कुणी नीट बोलत नाही. तुम्ही बोललात. तुमचं नाव मात्र लिहीत नाही, कारण ‘ताई, नाव नको हं’ असं तुम्हीच बजावलं आहे.

वाचणाऱ्यांसाठी आधी माझं थोडं सांगते. मी निवेदिका आहे. मुलुंडचं कालिदास असो की प्रभादेवीचं रवींद्र नाट्य मंदिर, दोन गाण्यांच्या मधल्या जागेत मी उभी असते. चाळिशी उलटल्यावर वरचा ओठ बारीक होत गेला, कडेला उभ्या रेषा आल्या, आणि मंचावरच्या प्रखर दिव्यांत लिपस्टिक त्या रेषांतून वर पसरलेली कॅमेऱ्यात दिसू लागली. मला ते नको होतं. पुरेसा विचार करून, खर्चाचा अंदाज घेऊन, त्वचारोगतज्ज्ञांकडे म्हणजे तुमच्या दादरच्या क्लिनिकमध्ये आले. अशी इच्छा धरण्यात लाजण्यासारखं काही आहे असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. तुमच्या वागण्यातही ते कधी जाणवलं नाही, आणि याचे आभार सगळ्यात आधी.

डॉक्टरांनी ओठ तपासले, फोटो घेतले. तुमचा पहिला प्रश्न होता, ‘पुढचा कार्यक्रम कधी आहे?’ मध्ये पुरेसे दिवस आहेत याची खात्री झाल्यावरच तुम्ही वही उघडलीत. सूज पूर्ण उतरून ओठ आपल्या जागी बसायला दोन आठवडे, कधी चारही लागतात, त्यामुळे लग्नकार्याच्या तोंडावर आलेल्यांना तुम्ही सरळ परत पाठवता हे तेव्हा कळलं. मग बाकीचे प्रश्न. तापात ओठाच्या कडेला पाण्याचे फोड येतात का? येत असतील तर सुईमुळे ते पुन्हा उठू शकतात, म्हणून डॉक्टर आधीच गोळी सुरू करतात. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, व्हिटॅमिन ई यांपैकी काही चालू आहे का? त्यांनी सुईच्या जागी रक्त जास्त वाहतं आणि कातडीखाली काळेनिळे डाग पडतात. आणि लगेच पुढचं वाक्य, ‘पण ॲस्पिरिन हृदयासाठी दिलेली असेल तर मनाने बंद करायची नाही, ज्यांनी दिली त्यांना विचारायचं.’ दाताचं काम नुकतंच झालंय का, किंवा लवकरच करायचं आहे का, हेही विचारलंत.

सुई लागण्याआधी तुम्ही ट्रेमधली एक कुपी उचलून दाखवलीत. हायलुरोनिडेज. फिलर विरघळवणारं औषध. ‘हे हाताशी असल्याशिवाय आमच्या मॅडम सुरुवातच करत नाहीत,’ म्हणालात. भीती घालायचा सूर नव्हता, लपवाछपवीचाही नव्हता. फिलरच्या खोक्यावरचं बॅच नंबरचं स्टिकर माझ्या कागदावर चिकटवून दिलंत. तो कागद मी पॅनकार्डाच्या पाकिटात ठेवला आहे.

सिरिंजमध्ये असतं किती? एक मिली. चहाच्या चमच्यात अशा पाच सिरिंजा मावतील. मला तर तेवढंही घातलं नाही. हे मी आवर्जून लिहितेय, कारण दुसऱ्या दिवशी आरशात जे दिसतं ते त्या औषधाचं आकारमान नसतं. सुईने बारीक रक्तवाहिन्या दुखावतात, त्यातून पाणी झिरपतं, जेल स्वतःही पाणी ओढून घेतं, आणि ओठांची कातडी सैल आणि रक्ताने भरलेली असल्याने तिथे ते लगेच साठतं. आडवं झोपल्यावर आणखीच. म्हणून सकाळी जास्त, संध्याकाळी कमी. पहिले ४८ ते ७२ तास सूज चढतीला असते, मग ती उतरू लागते आणि आठवड्याभरात बरीचशी जाते. हे सगळं तुम्ही मला आधी सांगितलं होतं, तरी त्या पहाटे आरशासमोर छातीत धस्स झालंच.

वरचा ओठ नाकाच्या दिशेने उलटल्यासारखा, डावी बाजू उजवीपेक्षा मोठी, आणि डाव्या कोपऱ्यापाशी जांभळा डाग. आमच्या आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, पाहिलं आणि त्या हातातला तांब्या ठेवून तिथेच बसल्या. मी तुम्हाला फोटो पाठवला. नुकतंच उजाडत होतं. मला वाटलं होतं, ‘नॉर्मल आहे, काळजी करू नका’ एवढं उत्तर येईल, तेही दहानंतर. तुमचा फोनच आला.

तो फोन मी विसरणार नाही. तुम्ही धीर दिला नाहीत, आधी कामाला लावलंत. ‘बर्फ लावलाय का? बाजूला ठेवा. थोडा वेळ जाऊ दे, थंडीने रंग तसाही फिका दिसतो. मलम पुसून टाका. लाइट नको, खिडकीपाशी उजेडाला या. आता बोटाने डागाच्या कडेची जागा दाबा, सोडा, आणि व्हिडिओ काढून पाठवा.’ दाबल्यावर पांढरी झालेली जागा दोनेक सेकंदांत पुन्हा लाल व्हायला हवी. माझी झाली. मग तेच उजव्या बाजूला, खालच्या ओठाला, नाकाच्या शेंड्याला, नाकपुडीजवळ. नाकाचं काय, असं मी विचारलं तेव्हा तुम्ही सांगितलंत की वरच्या ओठाच्या धमनीच्या फांद्या नाकाकडे जातात, म्हणून ओठात अडलेलं कधी नाकावर दिसतं.

पुढे एकामागून एक प्रश्न. दुखणं कालपेक्षा वाढतंय की कमी होतंय? कातडीवर जाळीसारखी जांभळट नक्षी दिसते का? एखादा भाग पांढराफटक, गार? डोळ्यांसमोर धूसर? अंगावर गांध्या, जीभ जड, श्वास घेताना त्रास? प्रत्येकाला मी ‘नाही’ म्हणत गेले आणि प्रत्येक ‘नाही’सरशी माझा आवाज खाली येत गेला. व्हिडिओ तुम्ही डॉक्टरांना पाठवला होता. त्यांचाही निरोप आला की हा कातडीखाली रक्त साचल्याचा साधा डाग आहे. तरीही तुम्ही म्हणालात, ‘फोनवरून मी पास करत नाही. दुपारी येऊन दाखवून जा.’

सिस्टर, माझे आभार मुख्यतः या फोनसाठी आहेत. सूज सगळ्यांनाच येते, पण रक्तवाहिनीत किंवा तिच्यावर दाब देऊन फिलर बसलं तर तिथला रक्तपुरवठा तुटतो, आणि मग हातात दिवस नसतात, तास असतात. वेळेत हायलुरोनिडेज दिलं तर कातडी वाचते. उशीर झाला तर ती काळी पडू शकते. बऱ्याच फिलरमध्येच बधिर करणारं लिडोकेन मिसळलेलं असतं, त्यामुळे सुरुवातीला दुखेलच असंही नाही, हे तर मला नवीनच होतं. दिसायला अंधूक लागलं किंवा बोलणं अडखळलं तर क्लिनिकची वाट न पाहता थेट मोठं हॉस्पिटल गाठायचं. जीभ, घसा सुजला तर १०८. ‘काही होत नाही हो’ हे वाक्य आपल्याकडे फार प्रेमाने बोललं जातं. तुम्ही मात्र होऊ शकतं काय ते सांगितलंत, ते माझ्या बाबतीत झालेलं नाही हे माझ्याच बोटाने मला दाखवलंत, आणि मगच म्हणालात, ‘आता चहा घ्या, पण कोमट.’

आईंशीही बोललात. त्यांनी फोन मागून घेतला आणि विचारलं, ‘हिच्या तोंडात घातलंय तरी काय?’ तुम्ही उलट विचारलंत, ‘आजी, गुडघ्यात कधी इंजेक्शन घेतलंय का?’ घेतलं होतं. तेव्हा हाडांच्या डॉक्टरांनी दिलेलं ते हायलुरॉनिक ॲसिडच होतं, आणि माझ्या ओठांतलं फिलरही त्याच घराण्यातलं. सांध्यात, त्वचेत, डोळ्यात ते मुळातच असतं. नंतर मी वाचलं की १९३४ साली न्यूयॉर्कमध्ये कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी ते गाईच्या डोळ्यातून वेगळं काढलं होतं. ते वाचून दाखवल्यावर आई थोड्या बिचकल्या, पण आजचं औषध जनावरापासून नाही, जिवाणूंकडून बनवून घेतात, हे समजल्यावर शांत झाल्या. त्या दिवसापासून माझ्या उशीखाली दुसरी उशी त्यांनी स्वतः ठेवली. पापड-लोणचं माझ्या ताटातून गेलं, कारण मिठाने पाणी धरतं. आणि तळणीच्या वाफेसमोर उभं राहायचं नाही हे तुमचं म्हणणं ऐकून चकल्यांचा घाणा त्यांनीच काढला, गुडघे सांभाळत.

गर्दीच्या वेळी लोकल नको, हेही तुमचंच. मुलुंड ते दादर सकाळी कुणाचं कोपर कुठे लागेल सांगता येत नाही. दुपारच्या रिकाम्या गाडीने या, असं वेळ ठरवतानाच सांगितलंत. क्लिनिकच्या छापील कागदावर ही सूचना नाही. ती मुंबईत रोज ये-जा करणाऱ्यालाच सुचते.

पुढचं सगळं तुम्ही सांगितलं तसंच उलगडत गेलं. डाग जांभळ्याचा हिरवट, हिरवटाचा पिवळा झाला आणि गेला. जिभेला आतून एक गाठ लागायची, ती दाबत बसू नका म्हणालात. तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी स्वतः चोळून ती बसवली. मधे एकदा मी रडकुंडीला येऊन ‘विरघळवूनच टाका’ म्हटलं होतं, तेव्हा तुम्ही मला गप्प केलं नाहीत. विरघळवण्याचं औषध ही सोय आहे, पण त्याचीही ॲलर्जी येऊ शकते, आणि सुजलेल्या ओठावरून निर्णय घेतला तर कशावरून घेतला तेच कळत नाही, असं समजावलंत. थांबायचं कशासाठी हे कळलं की थांबता येतं.

माझी खरी काळजी प, फ, ब, भ, म यांची होती. ओठ मिटल्याशिवाय ही अक्षरं निघत नाहीत, आणि सुजलेले ओठ नीट मिटत नव्हते. ‘भूपाळी’ म्हणताना हवा निसटायची. दोन दिवस ओठांना ताण नको, मग हळूहळू मोठ्याने वाचायला सुरुवात करा, असं तुम्ही सांगितलंत आणि मी रोज संध्याकाळी आईंना वर्तमानपत्राचा अग्रलेख वाचून दाखवू लागले. कुठला शब्द फुसका गेला ते त्या बरोबर पकडायच्या. कार्यक्रमाच्या दिवशी पहाटे पहिलं वाक्य स्वच्छ निघालं तेव्हा पहिल्या रांगेत त्या होत्या.

आणखी एका गोष्टीचे आभार, ती माझ्यासाठी नाही, मैत्रिणीसाठी. तिला एका पार्लरमध्ये सुईऐवजी पेनने फिलर करू असं सांगितलं होतं, तेही निम्म्या पैशांत. मी तुम्हाला विचारलं तेव्हा तुम्ही नको म्हणालात आणि का नको तेही सांगितलंत. दाबाने आत सोडलेलं जेल किती आणि कुठे जाईल यावर ताबा राहत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑक्टोबर २०२१ मध्ये अशा बिनसुईच्या पेनांबद्दल इशाराच दिला आहे. तिने तो बेत सोडला. तिच्यासमोर एखादं वाईट उदाहरण घडण्याआधी सोडला, हे मला फार मोलाचं वाटतं.

शेवटी तुम्ही म्हणाला होतात की काही महिन्यांनी मोठा ताप आला, दाताचं काम झालं, लस घेतली तर कधी कधी ओठ पुन्हा तात्पुरते सुजू शकतात. तेव्हा घाबरू नका, पण कळवा, आणि दातांच्या डॉक्टरांना फिलर आहे हे आधी सांगा. ते मी सांगितलं आहे.

सोबत दोन पानं जोडली आहेत. तुमच्या क्लिनिकचा कागद इंग्रजीत आहे आणि तुम्ही तो प्रत्येकीला तोंडी मराठीत सांगत बसता, तेही दोन रुग्णांच्या मधे, उभ्या उभ्या. ते सगळं मी आठवून मराठीत लिहून काढलं आहे. दाबून सोडायची तपासणी सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात. ताबडतोब फोन करायच्या खुणा तिच्याखाली. उशी, मीठ, चहा, लोकल त्यानंतर. रात्रीच्या फोन नंबरची जागा मोकळी सोडली आहे. डॉक्टरांच्या नजरेखालून घालून चुका लाल पेनाने खुणावून पाठवा. हवं असेल तर माझ्या आवाजात रेकॉर्ड करूनही देते, म्हणजे घाबरून वाचायचं न सुचणाऱ्यांना व्हॉट्सॲपवर ऐकता येईल. मंगळवारी दुपारी मी मोकळी असते.

तुमची कृतज्ञ,
मुलुंडची निवेदिका