मिस्त्रीमामा, इंजिन वाचलं ते तुमच्यामुळे

मिस्त्रीमामा, साष्टांग नमस्कार.

मोबाइलवर एवढं लांबलचक तुम्ही वाचत नाही, ठाऊक आहे. मुलाला वाचून दाखवायला सांगा. समोर उभं राहून बोलायला गेलो की तुम्ही "जा रे, गिऱ्हाईक थांबलंय" म्हणता, म्हणून सगळ्यांदेखत लिहितोय.

आषाढात मी जुनी स्प्लेंडर घेतली. पहाटे साडेतीनला लोकल नसते आणि दादरच्या फूलबाजारात उशिरा पोचलं की चांगला झेंडू संपलेला असतो. आई देवळाबाहेर हार विकते, घर त्यावर चालतं. गाडीचे पैसे दोघांनी मिळून दोन वर्षं साठवले होते. बाराव्या दिवशी ऑइलची काडी बाहेर काढली तर तिला दूध घातलेल्या चहासारखं काहीतरी चिकटलेलं. घराजवळच्या एका गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी उभ्या उभ्या सांगितलं, ऑइलमध्ये पाणी शिरलंय, हेड गॅस्केट म्हणजे इंजिनच्या जोडातलं पॅकिंग गेलंय, इंजिन खोलावं लागेल, आठ-नऊ हजार धरून चाल. त्या रात्री मी आईला काहीच सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी ढकलत चुनाभट्टीला तुमच्याकडे आणली. किक मारायला पाय उचलला आणि तुम्ही आतूनच ओरडलात, "हात लावू नको तिला!" मग काडी बघून म्हणालात, "अरे, ही हवेवर थंड होणारी गाडी. हिच्यात इंजिन थंड करणारं पाणी, कूलंटच नाही, तर गॅस्केटमधून पाणी येणार कुठून?" मामा, त्या एका वाक्याने माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. पाणी आलं असेल तर ते बाहेरूनच, हे मला तिथे कळलं.

तरी तुम्ही अंदाजावर काम केलं नाहीत. काडीवर ऑइल खुणेच्या वर होतं. "चालून ऑइल कमी होतं, वाढत नाही. वाढलंय म्हणजे कुणीतरी जास्त ओतलंय, नाहीतर काहीतरी आत शिरलंय." कार्बोरेटरची सुई गळून पेट्रोल उतरलं की ऑइल पातळ होतं, वास मारतं, पण पांढरं पडत नाही, हे तुम्ही मला बोटावर चोळून, नाकाशी धरायला लावून दाखवलंत. वास नव्हता. मग चहाच्या चमच्यात दोन थेंब घेऊन खालून आच दिलीत. फोडणीत ओली मिरची पडावी तसं ते तडतडलं. म्हणजे पाणीच.

पावसाळ्यात रोज थोडंथोडं अंतर चालवलेल्या गाडीच्याही ऑइलच्या झाकणाखाली वाफेने पांढरी साय धरते, तेवढ्याने घाबरायचं नसतं, हेही तुम्ही सांगितलंत. पण माझ्या गाडीचं सगळंच ऑइल फिरलेलं होतं. रात्रभर तिला मेन स्टँडवर उभी ठेवलीत आणि सकाळी खालचा बोल्ट जेमतेम सैल केलात. पाणी जड, खाली बसतं. आधी गढूळ पाण्याची धार आली, मग तपकिरी ऑइल. ती धार मी अजून विसरलेलो नाही.

एअर फिल्टरच्या डब्याच्या कोपऱ्यात वाळलेला गाळ निघाला, हेडलाइटच्या आतसुद्धा. गाडी कुठेतरी तुंबलेल्या पाण्यात बुडून आलेली. विकणाऱ्याने चकाचक पॉलिश करून दिली होती आणि मी ते पॉलिशच बघत बसलो. तुम्ही मला एका शब्दाने बोलला नाहीत. "हिंदमाताला, सायनला पाणी भरतं तेव्हा अशा गाड्या कितीतरी बुडतात. पुढच्या वेळी सीट उघडून, डबा उघडून बघ," एवढंच.

गाळलेल्या ऑइलमधून चुंबक फिरवलंत तेव्हा माझा श्वास अडकला होता. राखाडी पीठ लागलं, धातूचा कीस नाही. क्रँक हाताने हळूहळू फिरवून, कान लावून तुम्ही म्हणालात, "बेअरिंग वाचलंय. आणखी आठवडाभर पळवली असतीस तर नसतं वाचलं." क्लच कव्हर काढून आतली जाळी धुतलीत, डबा साफ केलात, नवा फिल्टर घातलात. मग १० डब्ल्यू ३० ग्रेडचं ऑइल भरून दहा मिनिटं गरम करून गाळलं, पुन्हा भरून ५० किलोमीटरने गाळलं, तेव्हा कुठे तिसरं भरलं. मी पडून असलेला कारच्या ऑइलचा डबा पुढे केला तर तुम्ही तो बाजूला ठेवलात: बाइकचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो, डब्यावर जेएएसओ एमए ही बाइकच्या ऑइलची खूण बघूनच घ्यायचं. गाळलेलं सगळं ऑइल कॅनमध्ये भरून ठेवलंत, एक थेंब गटारात जाऊ दिला नाहीत.

मजुरी घेतलीत ६०० रुपये. इंजिन खोलायला लावलं असतंत तर मी कर्ज काढून पैसे दिले असते. मला काय कळत होतं? हे तुम्हालाही दिसत होतं, आणि तरी तुम्ही मला प्रत्येक गोष्ट दाखवूनच केलीत.

गणपतीचे अकराही दिवस गाडी पहाटे दादरला गेली. काल ५०० किलोमीटर झाले. काडी पांढऱ्या फडक्यावर टेकवली, डाग मधाच्या रंगाचा पडला. आईला दाखवला. ती म्हणाली, दसऱ्याला मामांच्या पान्यांना आणि टूलबॉक्सला हार आपल्याकडून. मी पहाटेच घेऊन येतो, पूजेसाठी कुणाकडून फुलं मागवू नका.

तुमचा,
झेंडूवाला